कर्मवीर भाऊराव आणि विसरलेल्या ५७८ गावशाळा

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की डोळ्यांपुढं हायस्कूल आणि कॉलेज येतं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, कराडचं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, तालुक्या-तालुक्यातली रयतची हायस्कुलं आणि त्यांच्या फाटकावरचा तो वटवृक्ष. पण याच माणसाच्या संस्थेनं एका काळात जुन्या सातारा जिल्ह्यात ५७८ प्राथमिक शाळा चालवल्या, ही गोष्ट आज त्या गावांतही फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या शाळांवर रयतची पाटी उरलेली नाही. जुना सातारा म्हणजे केवढा, तर वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुकेही तेव्हा साताऱ्यातच मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. आजोळी, म्हणजे हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजात. घर मात्र वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून. बदलीची नोकरी, त्यामुळं आज एका गावी तर उद्या दुसऱ्या. घर जैन आणि रीतीभातीचं कडक. पोराचा जीव पुस्तकात कमी आणि गावात जास्त. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून त्यानं विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, अशी एक आठवण त्यांच्या लहानपणाची सांगितली जाते.

पुढच्या शिक्षणासाठी त्यांना कोल्हापूरला धाडलं. राजाराम हायस्कुलात नाव घातलं, राहायला जैन बोर्डिंग. तिथं १९०८ साली एक प्रकरण घडलं. अस्पृश्य मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं आणि भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर अंघोळ करूनच पंगतीला बसायचं, असा बोर्डिंगचा हुकूम. यांनी साफ नकार दिला. शेवटी वळकटी उचलून बाहेर पडावं लागलं. शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला म्हणून कोल्हापूर सुटलं नाही, आणि महाराज मुलांची वसतिगृहं कशी उभी करतात हे त्यांना अगदी जवळून पाहता आलं. अभ्यासाची गाडी मात्र मॅट्रिकपर्यंत काही पोचली नाही. पुढं शेकडो शाळा काढणारा माणूस स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता.

लग्न झालं ते कुंभोजच्या लक्ष्मीबाईंशी. पोटापाण्यासाठी भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले आणि गावात पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१० च्या सुमाराला मिरजेजवळच्या दुधगावात मित्रांना सोबत घेऊन त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला. पैसा कुणाकडंच नव्हता, म्हणून घरटी मूठभर धान्य गोळा करायचं ठरलं. जात्यावर दळण बसवताना बाईनं एक मूठ बाजूला काढायची, एवढंच. बिनपैशाच्या गावात देणगी कशी उभी राहते याचा पहिला धडा त्यांना इथं मिळाला.

मग १९१४ मध्ये डांबराचं प्रकरण उभं राहिलं. कोल्हापुरात राजा-राणीच्या पुतळ्यांना कुणीतरी डांबर फासलं आणि संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर आणला गेला. लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दबाव आला, कोठडीत हाल झाले. हे लठ्ठे म्हणजे जैन बोर्डिंगचे कर्तेधर्ते, ज्यांच्या कारकिर्दीत भाऊरावांना बोर्डिंग सोडावं लागलं होतं तेच. जुना राग काढायला याहून चांगली संधी कुठली? भाऊरावांनी साक्ष दिली नाही. हेच लठ्ठे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

सुटल्यावर त्यांनी जी कामं केली, त्याकडं चरित्रं लिहिणारे बहुतेक घाईनं पाहतात. आधी ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील विकले, मग किर्लोस्करांचे लोखंडी नांगर. पुढं साताऱ्याजवळच्या कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. तिथं मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. पण या विक्रेतेपणाच्या वर्षांत दक्षिण महाराष्ट्रातलं गाव न् गाव त्यांच्या पायाखालून गेलं. नांगर विकायला गेलेला माणूस ओट्यावर बसून सौदा करतो. कर्ज किती, पीक किती, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळं त्याला ऐकावंच लागतं. कागद कुठला आहे हे न वाचताच अंगठा उठवणारा शेतकरी त्यांनी याच फिरतीत पाहिला. त्याचं पोरगं गुरांमागं का जातं, हेही. शाळा पाच-सहा मैलांवर, मधे ओढा, आणि पोरगं शाळेत गेलं तर शेळ्या कोण राखणार? आजकाल संस्था काम सुरू करण्याआधी सर्वेक्षण करतात. भाऊरावांचं सर्वेक्षण कंदील आणि नांगर विकता विकता झालं.

त्या वेळची स्थितीही समजून घ्यायला हवी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. सातारा जिल्हा मात्र इंग्रजी मुलखात. तिथं १९१८ चा कायदा आला तो नगरपालिकांपुरता. लोकल बोर्डांसाठी १९२३ चा कायदा झाला, पण कायदा होणं वेगळं आणि वाडीवर मास्तर येणं वेगळं. वारणेच्या अलीकडं एक राज्य, पलीकडं दुसरं, आणि अलीकडच्या पोराच्या नशिबी शाळा नाही.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तिथंच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे कुळवाडी, बलुतेदार, मजूर, गावगाड्यातला सगळा कष्टकरी माणूस. हा शब्द तेव्हा सरकारी कागदात सारा भरणाऱ्यांसाठी वापरत. भाऊरावांनी तोच उचलून संस्थेच्या नावात घातला. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं मांडलेली मागणी, की सरकारनं आधी खालच्या थरातल्या लोकांचं प्राथमिक शिक्षण बघावं, तीच या परिषदेतल्या लोकांच्या मनात होती. फरक एवढाच की ही माणसं सरकारची वाट बघत बसायला तयार नव्हती.

सुरुवात शाळेनं झाली नाही, ती जेवणानं झाली. काले, मग वाळव्यातलं नेर्ले, अशा ठिकाणी छोटी वसतिगृहं निघाली. १९२४ मध्ये मुक्काम साताऱ्याला आला आणि छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झालं. शाळा गावात आणायची तर आधी शिकलेली गावची पोरं हवीत आणि ती तयार व्हायची तर त्यांना शहरात राहायला-खायला हवं, असा साधा हिशोब. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली. एका चुलीवर शिजलेलं अन्न एका पंगतीत. पाणी पोरांनीच भरायचं, भाकरी पोरांनीच थापायच्या, शेतात राबायचंही त्यांनीच. कमवा आणि शिका ही योजना पुढं देशभर गाजली. तिचं मूळ मात्र कुठल्या तत्त्वज्ञानात नव्हतं. पैसे नव्हते आणि भीक घ्यायची नव्हती, यातून ती निघाली.

तरी पोरं जेवणारच. सुगीच्या दिवसांत भाऊराव खळ्या-खळ्यावर जाऊन धान्य मागत. ज्वारी, शेंगा, जे मिळेल ते. पण सुगी वर्षातून एकदाच येते. उन्हाळ्याच्या तोंडावर कणगी रिकामी झाली की भार पडायचा लक्ष्मीबाईंवर.

लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. इथं त्यांच्या स्वयंपाकघरात अठरापगड जातींची पोरं. सुरुवातीला त्यांना हे जड गेलं, आणि जाणारच. नवऱ्याच्या विचारानं सासर एका दिवसात बदलत नाही. पण त्या बदलल्या आणि एकदा बदलल्यावर भाऊरावांच्याही पुढं गेल्या. आजारी पोराच्या उशाशी रात्र काढणं, पीठ पुरवून पुरवून वापरणं, हे काम त्यांनी कुठल्याही संस्थेच्या कागदावर पद न घेता केलं. माहेरचे दागिने एकेक करून मोडले. कणगीत काही नसताना आणि भाऊराव वर्गणीच्या फिरतीवर असताना पोरांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रसुद्धा विकलं. जैन घरातल्या सवाष्णीनं त्या काळात गळा मोकळा करणं म्हणजे काय, हे खेड्यातल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगायची गरज नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगच्या नामकरणाचा समारंभ झाला. गांधींच्या आश्रमात जे प्रयोग चालू होते ते इथं, एका कर्जबाजारी बोर्डिंगात, खेड्यातली पोरं रोज करत होती. नाव झालं, कौतुक झालं, पण कणगीची काळजी काही मिटली नाही. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. ज्या शाळांसाठी हे सगळं चाललं होतं, त्यांतली बहुतेक त्यांना दिसली नाहीत. आज रयतमाउली म्हणून त्यांची जयंती-पुण्यतिथी साजरी होते ती योग्यच आहे. पण भाऊरावांच्या चरित्रात त्या नेहमी एका परिच्छेदापुरत्याच येतात, हे काही योग्य नाही.

बोर्डिंगातून पोरं शिकून बाहेर पडू लागली. आता प्रश्न पुढचा. वाडीवरच्या शाळेला मास्तर कुठून आणायचा? शहरातला मास्तर डोंगरातल्या गावात टिकत नाही. बदली मागतो, आठवड्याचे चार दिवस गायब असतो. हे दुखणं काही आजचं नाही. भाऊरावांनी यावर जो उपाय काढला, तो त्यांच्या सगळ्या कामातला सर्वांत हुशारीचा म्हणावा लागेल. खेड्यातल्याच पोराला मास्तर करायचं. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर जुबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. बादशहा पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हे नाव. सत्यशोधक चळवळीत वाढलेल्या आणि खादी वापरणाऱ्या माणसानं हे नाव का ठेवलं, असं कुणी विचारील. इंग्रजी अमलात मान्यता आणि पैसा मिळवायचा तर असली तडजोड करावी लागे, आणि भाऊरावांनी ती केली. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणीही झाली.

या कॉलेजात व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेली पोरं मास्तरकी शिकायला येत. फायनल पास मास्तर हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही येतो, आणि त्यात एक आदर असतो. हा मास्तर शेतकऱ्याचं पोरगं. त्याला मोट हाकता येई, गुराला काय झालंय ते कळे, भाकरीबरोबर ठेचा असला तरी चाले. गावात राहायला जागा कसली मिळेल याची त्याला भीती नव्हती, कारण तो तसल्याच घरातून आलेला.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं. ज्या गावांत बोर्डाची शाळा नाही तिथं खासगी संस्थांनी शाळा काढाव्यात आणि त्यांना अनुदान द्यावं, हे धोरण पुढं आलं. या शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. अनेक संस्थांना ही सरकारी योजना वाटली. भाऊराव मात्र मास्तर तयार ठेवून बसलेलेच होते. ट्रेनिंग झालेला पोरगा, अनुदानाचा आधार आणि गावाची तयारी, हे तीन जुळले की शाळा उभी. इमारतीची वाट कुणी बघितली नाही. मारुतीचं देऊळ, चावडी, नाहीतर कुणा बऱ्या शेतकऱ्याचा सोपा. एक मास्तर, एक फळा, चार इयत्ता. सकाळी मास्तरनं स्वतः घरोघर फिरून पोरं गोळा करायची. जावळी-पाटणच्या डोंगरवाड्यांपासून पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत अशा शाळा निघत गेल्या आणि आकडा ५७८ वर गेला.

हे काम निर्दोष होतं असं नाही. एकट्या मास्तरनं चार वर्ग सांभाळायचे म्हटल्यावर एकाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्याला शुद्धलेखन घालावं लागणार. मास्तर आजारी पडला की शाळा बंद. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा. मोठ्या शहरातल्या शिक्षणतज्ज्ञांना ही शाळा शाळाच वाटली नसती. पण त्या वाडीत आधी काय होतं, याच्याशी तुलना करायला हवी. आधी काहीच नव्हतं. नंतर निदान आपलं नाव लिहिता येणारी, सात-बारा वाचता येणारी एक पिढी तयार झाली. त्या पिढीनं सावकाराच्या कागदावर अंगठा द्यायच्या आधी दोनदा विचार केला असणार.

चौथीच्या पुढं काय, हा प्रश्न ओघानं आलाच. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं. पोरांनी काम करायचं आणि फुकट शिकायचं, असं हे निवासी हायस्कूल. १९४७ मध्ये त्याच धर्तीवर छत्रपती शिवाजी कॉलेज. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली भाऊरावांनी त्यांच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प सोडला.

आणि त्याच वर्षी सगळं बुडायची वेळ आली. राज्य आता आपलं होतं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. भाऊराव कुणाची भीड न ठेवता सरकारवर बोलत आणि ते सरकारला रुचलं नाही. रयतचं अनुदान बंद झालं. इंग्रजांच्या राज्यात जे घडलं नव्हतं ते स्वराज्यात घडलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. इथं या सगळ्या रचनेतला कच्चा दुवा उघडा पडला. मूठभर धान्यावर बोर्डिंग चालतं, शेकडो मास्तरांचे पगार चालत नाहीत. सरकारचा पैसा घेतला की सरकारची मर्जी आलीच. भाऊराव झुकले नाहीत, पण त्यांच्या न झुकण्याची किंमत वाड्या-वस्त्यांवरच्या मास्तरांच्या घरात मोजली जाणार होती, हे विसरून चालत नाही. लोकांनी वर्गण्या काढल्या, मास्तरांनी कळ सोसली. शेवटी गाडगे महाराज मध्ये पडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं घेतलेला तो माणूस मुख्यमंत्र्यांपुढं उभा राहिला आणि गरिबांच्या पोरांचा घास तोडू नका म्हणून बाजू मांडली. अनुदान पुन्हा सुरू झालं. गाडगेबाबांनी स्वतः शाळेत पाऊल टाकलं नव्हतं. १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं तेव्हा भाऊरावांनी त्याला त्यांचंच नाव दिलं.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षण सरकारनं आपल्या अंगावर घेतलं आणि व्हॉलंटरी शाळा स्कूल बोर्डाकडं सोपवल्या गेल्या. खरं तर भाऊरावांना हेच हवं होतं. गावात शाळा असावी, ती कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. संस्था हायस्कूल आणि कॉलेजकडं वळली, तिथं तिचं नाव झालं, आज तिच्या शाखा सातशेच्या वर आहेत. गावशाळांचा हिशोब मात्र कागदात राहिला.

शेवटच्या काळात भाऊरावांची प्रकृती ढासळत गेली. जानेवारी १९५९ मध्ये पद्मभूषण जाहीर झालं. एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं मॅट्रिक न झालेल्या या माणसाला डी.लिट. दिली. ९ मे १९५९ ला पुण्यात ससून रुग्णालयात ते गेले. अण्णा गेले म्हणून त्या दिवशी साताऱ्यात जी गर्दी लोटली, तिच्यात धोतर-पटकेवाले फायनल पास मास्तरही होते.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि त्या शाळांवर परिषदेची पाटी लागली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ज्या जिल्हा परिषद शाळांचं दाखलखारीज रजिस्टर १९३८ ते १९४७ च्या दरम्यान सुरू झालंय, त्यांतल्या अनेक मूळच्या याच. कपाटातलं सर्वांत जुनं रजिस्टर काढून पहिल्या पानावरची नोंद पाहिली, तर आपली शाळा कुणी सुरू केली हे कळायला मुख्याध्यापकांना दहा मिनिटंही लागणार नाहीत.